अर्धवट कामांच्या विंडो: पतसंस्थेच्या काउंटरवरून एमडीआयकडे पाहताना

पतसंस्थेच्या काउंटरवर सकाळी अकराच्या सुमारास काय चालते ते पाहिल्याशिवाय एकाच प्रोग्राममध्ये अनेक विंडो कशासाठी लागतात हे नीट कळत नाही. लिपिक एका सभासदाची मुदत ठेव नोंदवत असतात आणि वारसदाराची जन्मतारीख विचारण्यासाठी तो सभासद घरी फोन लावतो. तेवढ्यात पिग्मी एजंट कालच्या भरण्याची यादी पुढे सरकवतो आणि आतून शाखाधिकारी एका थकीत कर्जखात्याची बाकी विचारतात. दोन मिनिटांत तीन कामे सुरू झालेली असतात, एकही संपलेले नसते, आणि तिन्ही एकाच माणसाच्या एकाच पडद्यावर असतात.

अशा हिशोबाच्या सॉफ्टवेअरवर मी बरीच वर्षे काम केले, आधी व्हिज्युअल बेसिक 6 मध्ये आणि नंतर डॉटनेटच्या विंडोज फॉर्म्समध्ये, म्हणजे प्रोग्राम बनवण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या दोन साधनांत. दोन्हींत रचना एकच होती: एक मोठी मुख्य विंडो आणि तिच्या चौकटीच्या आत उघडणाऱ्या अनेक चाइल्ड विंडो, म्हणजे ज्याला मल्टिपल डॉक्युमेंट इंटरफेस किंवा थोडक्यात एमडीआय म्हणतात ती पद्धत. या काळात माझे एक मत पक्के झाले. चाइल्ड विंडो म्हणजे हाती घेतलेल्या पण अजून न संपलेल्या कामाची जागा होय, आणि विंडोंची व्यवस्था ठरवताना घ्यावयाचा प्रत्येक निर्णय त्या कामाला काय हवे यावरून घेतला पाहिजे. हे उमगायला मला उशीर लागला, कारण बराच काळ मी विंडोंकडे केवळ आयतांची मांडणी म्हणून पाहत होतो. (या लेखात मी ‘विंडो’ हाच शब्द वापरतो आहे. पतसंस्थेत ‘खिडकी’ म्हटले की रोखपालाची खिडकी डोळ्यांपुढे येते, आणि काउंटरवरची माणसे पडद्यावरच्या विंडोला ‘पान’ म्हणतात.)

एमडीआय ज्या काळात रुजली तो काळ लक्षात घेतला तर तिचे गुणदोष समजणे सोपे जाते. 1990 मध्ये आलेल्या विंडोज 3.0 मधले प्रोग्राम मॅनेजर आणि फाइल मॅनेजर हे दोन्ही प्रोग्राम याच पद्धतीचे होते. तेव्हा टास्कबार नव्हता, तो विंडोज 95 बरोबर आला. पडदे लहान होते आणि स्मृती तुटपुंजी होती. दहा कागदपत्रांसाठी दहा स्वतंत्र विंडो, प्रत्येकीला आपला मेनू आणि आपली टूलबार, हा खर्च परवडणारा नव्हता, शिवाय त्या दहांमधली हवी ती शोधायलाही सोयीची जागा नव्हती. म्हणून एका चौकटीत सगळे ठेवायचे, मेनू एकच ठेवायचा, आणि ‘विंडो’ नावाच्या मेनूत उघड्या कागदांची क्रमांकवार यादी द्यायची हा तोडगा त्या परिस्थितीत शहाणपणाचा होता. मॅकिंटॉशवर मेनू मुळातच पडद्याच्या वरच्या कडेला असल्यामुळे तिथे अशा चौकटीची निकड कधी भासली नाही. पुढे 1995 साली स्वतः मायक्रोसॉफ्टनेच आपल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये एमडीआयच्या मर्यादा मांडून दुसरे पर्याय सुचवले होते. तरीही हिशोबाच्या, रुग्णालयांच्या आणि कारखान्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ही पद्धत टिकून राहिली, कारण व्हिज्युअल बेसिक आणि डेल्फी या प्रोग्राम बनवण्याच्या साधनांत एक गुणधर्म बदलला की ती आयती मिळत असे.

आयत्या मिळालेल्या व्यवस्थेत काही वर्तनेही आयतीच येतात आणि ती कोणी निवडलेली नसतात. माझ्या अनुभवात सगळ्यांत जास्त गोंधळ पूर्ण आकाराच्या विंडोमुळे झाला. एमडीआयमध्ये एक चाइल्ड विंडो मॅक्सिमाइझ केली की तिचे शीर्षक मुख्य विंडोच्या शीर्षकात मिसळते, तिची लहान-मोठी करण्याची आणि बंद करण्याची बटणे मेनूच्या ओळीत जाऊन बसतात, आणि त्यानंतर जी दुसरी चाइल्ड विंडो पुढे येईल तीही मॅक्सिमाइझ होऊनच येते. लिपिकाला मोठी अक्षरे हवी असतात, त्यामुळे सकाळी पहिलीच विंडो पूर्ण आकाराची केली जाते. त्या क्षणापासून दिवसभर पडद्यावर एका वेळी एकच पान दिसते आणि मागची सारी अदृश्य होतात. ‘विंडो’ मेनूतली यादी अर्थातच जागेवर असते, परंतु ज्याला ती यादी आहे हेच ठाऊक नाही त्याच्या दृष्टीने मागचे पान गेलेले असते. “साहेब, मघाशी भरलेलं पान गेलं,” अशी तक्रार घेऊन मला अनेकदा फोन आले, आणि प्रत्येक वेळी ते पान मागे सुरक्षित होते. तोवर लिपिकाने तेच काम नव्या विंडोत पहिल्यापासून सुरू केलेले असे. संध्याकाळी मी यंत्रापाशी जाऊन पाहत असे तेव्हा एकाच ठेवीच्या तीन-तीन अर्धवट नोंदी उघड्या सापडत.

कीबोर्डवरून विंडो बदलण्यातही असाच एक बारीक फरक आहे. आल्ट आणि टॅब दाबल्यावर आधीच्या प्रोग्रामवर जाता येते आणि पुन्हा दाबले की परत येता येते, ही सवय सर्वांच्या हाताला असते. एमडीआयमध्ये कंट्रोल आणि एफ6 दाबले की चालू विंडो सर्वांच्या मागे टाकली जाते आणि तिच्या लगत मागची पुढे येते. पुन्हा तेच दाबले तर परत येण्याऐवजी तिसरीच विंडो समोर येते. दोन खात्यांची तुलना करणाऱ्या माणसाला हे चक्र थकवून टाकते. आम्ही शेवटी ही कळ स्वतःकडे घेतली आणि विंडो शेवटच्या वापराच्या क्रमाने बदलतील अशी व्यवस्था केली. काम दोन दिवसांचे होते, पण काउंटरवर त्याचा जेवढा उपयोग झाला तेवढा नंतरच्या एखाद्या मोठ्या सुधारणेचाही झाला नाही.

मॅक्सिमाइझच्या गोंधळावर आम्ही केलेला उपाय साधा होता. मुख्य विंडोच्या डाव्या बाजूला एक अरुंद, कायम दिसणारी पट्टी ठेवली आणि तिच्यात उघड्या कामांची यादी दाखवली. प्रत्येक ओळीवर सभासदाचे नाव, कामाचा प्रकार, आणि जतन न केलेले काही असेल तर एक लाल ठिपका. या पट्टीला आम्ही ‘हातातली कामे’ असे नाव दिले. ‘विंडो’ मेनूतली यादी तांत्रिकदृष्ट्या तीच माहिती देत होती, पण एक यादी शोधावी लागते आणि दुसरी आपोआप दिसत राहते.

त्या पट्टीवर काय लिहायचे हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. आधी आमच्या प्रत्येक विंडोचे शीर्षक ‘मुदत ठेव नोंद’ असे असायचे. पाच विंडो उघड्या असल्या की यादीत तीच ओळ पाच वेळा यायची. शीर्षकात वेगळे ओळखू येणारे शब्द आधी यावेत आणि सगळ्यांना समान असणारे शब्द शेवटी जावेत, कारण जागा कमी पडली की शेवटचाच भाग कापला जातो. म्हणून ‘पाटील सुमन, 1042, मुदत ठेव’ असा क्रम ठरवला (नाव अर्थातच उदाहरणादाखल घेतले आहे). आडनाव आधी, कारण काउंटरवर हाक आडनावानेच मारली जाते. मराठी शीर्षकांचा आणखी एक जुना अडथळा होता, तो आज अनेकांना माहीतही नसेल. व्हिज्युअल बेसिक 6 मधल्या फॉर्मची (प्रोग्रामर विंडोला फॉर्म म्हणतात) शीर्षके युनिकोड या सर्व लिप्या सामावणाऱ्या अक्षरसंकेताऐवजी आन्सी या जुन्या, मोजक्या लिप्यांच्या संकेतात विंडोजकडे जात, आणि देवनागरीसाठी आन्सीमध्ये सोयच नसल्यामुळे शीर्षकपट्टीत अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटत. फॉर्मच्या आतल्या लेबलांवर जुन्या पद्धतीचे मराठी फाँट लावून काम भागे, मात्र शीर्षकपट्टीचा फाँट प्रणालीचा असल्याने तिथे तो मार्गही बंद होता. त्यामुळे आत सगळे मराठी आणि शीर्षक तेवढे रोमन, अशी स्थिती कित्येक वर्षे राहिली. विंडोज फॉर्म्समध्ये आल्यावर ही अडचण संपली, आणि पहिल्यांदा शीर्षकपट्टीत सभासदाचे नाव देवनागरीत दिसले तो दिवस मला आजही आठवतो.

यापुढे जे लिहितो आहे ती चूक माझी होती, आणि ती या साऱ्या विषयाच्या गाभ्याशी जाते. एका सभासदाचे बचत खाते दोन वाटांनी उघडता येत असे: खाते शोधून, किंवा त्याच्या कर्जाच्या विंडोतून. दोन्ही वाटांनी उघडले तर दोन स्वतंत्र विंडो तयार होत आणि दोघी आपापल्या वेळी वाचलेली बाकी दाखवत बसत. एके दिवशी कर्जाच्या बाजूने उघडलेल्या विंडोतून हप्ता बचत खात्यातून वर्ग झाला, आणि अर्ध्या तासाने त्याच सभासदाची पैसे काढण्याची पावती आधीच्या विंडोतली जुनी बाकी पाहून मंजूर झाली. बाकी पुरेशी आहे की नाही ही तपासणीही मी विंडोच्या स्मृतीतल्या आकड्यावरच केली होती. संध्याकाळी बचत खात्यांची बाकी यादी काढली तेव्हा ते खाते उणे दिसले. सभासद ओळखीचा होता, दुसऱ्या दिवशी रक्कम भरून गेला, कोणाचे नुकसान झाले नाही. परंतु त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण लिपिकाने काहीही चुकीचे केले नव्हते. पडद्यावर जे दिसत होते त्यावर त्यांनी विश्वास ठेवला, आणि तो ठेवावा यासाठीच तर पडदा असतो.

त्यानंतर तीन गोष्टी बदलल्या. पहिली, आणि अनेक वापरकर्ते एकाच वेळी काम करतात तिथे तिला पर्याय नाही, ती म्हणजे बाकीची तपासणी विंडोत न करता डेटाबेसमध्ये, नोंद होत असतानाच, त्या क्षणीच्या आकड्यावर करणे. दुसरी, एका नोंदीसाठी एकच विंडो: नोंदीचा प्रकार आणि क्रमांक मिळून एक किल्ली तयार करायची, उघड्या विंडोंची त्या किल्लीनुसार नोंदवही ठेवायची, आणि कोणत्याही वाटेने तेच खाते मागितले तरी नवी विंडो न उघडता असलेलीच पुढे आणायची. ज्या खात्यावर काम चालू आहे ते पडद्यावर एकाच ठिकाणी असावे हा नियम लिपिकांना इतका स्वाभाविक वाटला की बदल झाल्याचे कोणी बोलूनही दाखवले नाही. तिसरी, एका विंडोत काही जतन झाले की त्या नोंदीशी संबंधित इतर उघड्या विंडोंना सूचना जावी आणि त्यांनी आपले आकडे ताजे करावेत. इथे एक काळजी घ्यावी लागते. वापरकर्ता ज्या रकान्यात टंकत असतो त्याच्या हाताखालचा आकडा अचानक बदलू नये. अशा वेळी ती विंडो वरच्या कडेला फक्त ‘बाकी बदलली आहे’ अशी पट्टी दाखवते आणि ताजी करण्याचा निर्णय माणसावर सोडते.

हे सारे नीट चालले असते, पण मी आणखी एक गोष्ट केली होती. तीच विंडो पुन्हा लवकर उघडावी म्हणून बंद करताना ती नष्ट न करता नुसती लपवून ठेवत होतो. व्हिज्युअल बेसिकच्या काळापासूनची ही युक्ती होती आणि तेव्हा ती खपून गेली, कारण तिथे दर व्यवहारासाठी एकच सामायिक फॉर्म होता आणि त्यातली लेबले विंडोजच्या दृष्टीने स्वतंत्र विंडो नसत. विंडोज फॉर्म्समध्ये प्रत्येक लेबल, प्रत्येक रकाना, प्रत्येक बटण ही विंडोजच्या लेखी स्वतःचे हँडल, म्हणजे प्रणालीने दिलेली ओळखखूण, असलेली एकेक विंडो असते, आणि एका प्रोग्रामला अशा वस्तूंची नेहमीची मर्यादा 10,000 इतकी असते. आमच्या खात्याच्या फॉर्मवर अशी सुमारे 150 लेबले, रकाने आणि बटणे होती. आता प्रत्येक खात्याची वेगळी विंडो होती आणि बंद केलेली प्रत्येक लपून जिवंत राहत होती. साठ-सत्तर सभासद होऊन गेले की विंडो हँडल तयार करता येत नाही अशी त्रुटी येऊन प्रोग्राम कोसळत असे, तोही नेमका दुपारी गर्दीच्या वेळी. त्यात भर म्हणजे विंडोज फॉर्म्समध्ये बंद केल्यावर फॉर्मची साधने सहसा आपोआप मोकळी होतात, परंतु शो-डायलॉग या आज्ञेने मोडल म्हणून (मोडलबद्दल पुढे लिहितो) दाखवलेला फॉर्म आणि दिसत नसलेला चाइल्ड फॉर्म हे दोन अपवाद आहेत. त्यांची विल्हेवाट आपणच लावावी लागते. आम्ही लपवणे पूर्ण थांबवले. विंडो बंद झाली की ती नष्ट होते आणि बदलांच्या सूचनेच्या यादीतूनही तिचे नाव कमी होते, कारण तसे केले नाही तर ती यादीच तिला स्मृतीत धरून ठेवते. डेल्फीत काम करणाऱ्या एका मित्राची अडचण याच जातीची होती: तिथे चाइल्ड फॉर्म बंद केला की तो मुळात बंद न होता मिनिमाइझ होतो, आणि खरोखर मोकळा करायचा असेल तर तसे स्पष्ट सांगावे लागते.

मोडल विंडोबद्दल थोडक्यात लिहितो. मोडल म्हणजे जिचे उत्तर दिल्याशिवाय मागचे काहीही हलवता येत नाही अशी विंडो. प्रोग्रामरला ती आवडते, कारण क्रम निश्चित राहतो. पण काउंटरवर वारसदाराची माहिती विचारणारी मोडल विंडो उघडी असताना शाखाधिकाऱ्यांनी दुसऱ्या खात्याची बाकी विचारली, तर लिपिकाला भरलेली माहिती टाकून द्यावी लागते. आमच्याकडे आता मोडल फक्त दोनच ठिकाणी आहे, रोख रकमेची अंतिम खात्री करताना आणि दिवसाची रोजकीर्द बंद करताना. तिथे माणसाने खरोखरच थांबायला हवे. या बाबतीत टॅलीची रचना अभ्यासण्यासारखी आहे. तिथे विंडोंची मांडामांड जवळपास नाहीच. व्हाउचर भरताना लेजर अस्तित्वात नसेल तर आल्ट आणि सी दाबून ते तिथल्या तिथे तयार करता येते आणि जतन होताच माणूस व्हाउचरवर परत येतो. पोटातले काम संपले की वरचे काम जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू, हा क्रम लेखापालांच्या हाताला बसला आहे. एका कामातून दुसरे काम निघते तेव्हा ही पद्धत उत्तम आहे. बाहेरून कोणी वेगळेच काम घेऊन येतो तेव्हा मात्र स्वतंत्र विंडो हवीच.

मुख्य प्रोग्राम बंद करण्याचा प्रसंगही असाच. विंडोज फॉर्म्समध्ये मुख्य विंडो बंद करताना आधी प्रत्येक चाइल्ड विंडोला विचारले जाते आणि त्यांच्यापैकी एकीने नकार दिला तरी बंद होणे थांबते. तत्त्वतः हे बरोबर आहे. पण भारनियमनाच्या दिवसांत यूपीएस वाजायला लागल्यावर लिपिकापुढे ‘जतन करायचे का?’ हा प्रश्न एकामागून एक आठ वेळा येत असे, आणि प्रश्न कोणत्या पानाबद्दल आहे हे त्या पेटीवर लिहिलेले नसे. आता आठ प्रश्नांऐवजी एकच यादी येते, तिच्यात सर्व अपूर्ण कामे नावांसह दिसतात आणि प्रत्येकापुढे खूण करता येते. शिवाय दर अर्ध्या मिनिटाला प्रत्येक उघड्या विंडोचा मसुदा डिस्कवर वेगळा ठेवला जातो. हिशोबात नोंद होत नाही, फक्त टंकलेले वाया जात नाही. वीज परत आल्यावर प्रोग्राम ‘हातातली कामे’ पट्टीसह जसाच्या तसा उघडतो.

गेल्या काही वर्षांत नवे सहकारी विचारतात की हे सगळे टॅबमध्ये का नेत नाही. प्रश्न योग्य आहे. एक्सेलनेसुद्धा 2013 च्या आवृत्तीत जुनी चौकट सोडून प्रत्येक वर्कबुकला स्वतंत्र विंडो दिली, ज्यामुळे दोन मॉनिटरांवर दोन वर्कबुके ठेवणे सोपे झाले. दुसरीकडे गिंपसारखा चित्रे संपादित करण्याचा प्रोग्राम, जो सुट्या विंडोंसाठीच ओळखला जात असे, त्याने 2012 च्या 2.8 आवृत्तीत एका विंडोत काम करण्याची सोय दिली. म्हणजे कोणी चौकटीतून बाहेर पडले तर कोणी चौकटीत आले, आणि दोघांचीही कारणे त्यांच्या वापरकर्त्यांच्या कामातून आली असे मला वाटते. आम्ही टॅबचा प्रयोग केला. आठ-दहा टॅब झाले की मराठी नावे दोन-तीन अक्षरांवर येऊन थांबत, आणि जुना कर्ज उतारा व नवा अर्ज शेजारी-शेजारी ठेवून तपासण्याची सोय जात असे. म्हणून शाखाधिकाऱ्यांच्या यंत्रावर पडदा मधोमध दुभागण्याची सोय ठेवली आहे, काउंटरवर डावी पट्टी आणि एका वेळी एक पान. मोकळेपणी सरकवता येणाऱ्या, एकमेकींवर चढणाऱ्या विंडो आम्ही काढून टाकल्या, आणि त्यांना पायऱ्यांसारख्या किंवा फरशांसारख्या मांडणाऱ्या कॅस्केड व टाइलच्या आज्ञाही त्यांच्याबरोबर गेल्या. इतक्या वर्षांत त्या वापरताना मी कोणालाच पाहिले नव्हते.

एक गोष्ट अजून पूर्ण सुटलेली नाही. एखादी विंडो बंद केल्यावर पुढे कोणती यावी? प्रणाली तिच्या लगत मागे असलेली पुढे आणते. पण कर्ज अर्जातून जामीनदाराचे खाते उघडले, मध्येच पिग्मीची यादी आली, ती अर्धवट ठेवून जामीनदाराचे पान बंद केले, तर पुढे पिग्मीची यादी येते. लिपिकाच्या डोक्यात त्या वेळी कर्ज अर्ज असतो. म्हणून प्रत्येक विंडो आता आपल्याला कोणी उघडले हे लक्षात ठेवते आणि बंद होताना त्याच्याकडे परत नेते. मात्र एखाद्या नोंदीची विंडो दोन वाटांनी मागितली गेली असेल तर परत कोणाकडे न्यायचे हे ठरवावे लागते. सध्या आम्ही शेवटी मागणाऱ्याकडे नेतो. मागच्या महिन्यात काउंटरवर बसून मी हे दिवसभर पाहिले. बहुतेक वेळा ते बरोबर ठरते, आणि जेव्हा ठरत नाही तेव्हा लिपिक डाव्या पट्टीतल्या नावावर बोट ठेवतात आणि काम पुढे चालू करतात.